हूं म्हणणारं गाव

दूध नासतं हे मला ठाऊक होतं. पण अख्ख्या गावाचं नाव नास? ब्लँचर्डस्टाउनच्या वाचनालयात लावलेलं ते पोस्टर मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. नास गावच्या फिल्म क्लबात शनिवारी दुपारी एक जुना जपानी मूकपट. आधी जपानहून आलेल्या समीक्षक बाईंचं भाषण, आणि मग त्याच बाई पडद्याशेजारी उभ्या राहून चित्रपट सांगणार! अशा सांगणाऱ्याला जपानीत बेन्शी म्हणतात. कोल्हापूरच्या आमच्या फिल्म सोसायटीत मी या बेन्शींवर कितीदा बोलले असेन, लेखही लिहिले, पण डोळ्यांनी एकही पाहिला नव्हता. आणि तो भेटणार कुठं, तर आयर्लंडात, नासात! देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय.

ब्लँचर्डस्टाउनजवळच्या ओंगारला मुलीकडे येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. आम्हाला म्हणजे मला आणि ह्यांना. ह्यांचं सगळं आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत गेलं. पाळ्यांमुळे सोसायटीचा सिनेमा हमखास चुकायचा. मग दुसऱ्या दिवशी ताटावर बसल्यावर मी तो सांगायची आणि हे भाकरी मोडत ऐकायचे. "हूं," म्हणायचे. "मग?" आमच्याकडे गोष्ट सांगायची तर समोर हुंकार देणारं माणूस लागतं. हुंकार थांबला की गोष्ट झोपली. ह्यांच्या त्या "मग?"वर मी जगातले किती सिनेमे दोनदा पाहिले असतील, एकदा पडद्यावर आणि एकदा आमच्या स्वयंपाकघरात.

मग काचबिंदूनं ह्यांचे दोन्ही डोळे नेले. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तरी मी हट्टानं ह्यांना थिएटरात नेलं, शेजारी बसून कानात सांगायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आज्जी, गोष्टी घरी जाऊन सांगा की!" हे तसेच उठले आणि माझा हात धरून बाहेर आले. त्या दिवसापासून सिनेमा बंद. ते एक वेळ चाललं असतं, पण ह्यांचा हुंकारही बंद झाला. मी घरात काही सांगत असले तरी हे नुसते भिंतीकडे तोंड करून बसतात. ऐकतात का नाही तेही कळत नाही. मला सिनेमाचं काही नव्हतं हो, मला तो "मग?" परत हवा होता. म्हणून नासला जायचं.

"आई, बाबांना कशाला फरपटतेस?" मुलगी म्हणाली.

"मला काय दिसतंय तिथं?" हे म्हणाले. "उगं लोकांची झोपमोड."

"झोपायला येतात का लोक सिनेमाला?" मी म्हटलं. "तिकडची बाई स्वतःच मोठ्यानं बोलणार आहे. तुम्हाला कोण काय म्हणतंय?"

माझी नात ईरा मराठी सगळं समजते, पण उत्तर तिथल्या हेल काढलेल्या इंग्रजीतच देते. ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "इट्स ग्रँड, आज्जी." मला भारी वाटलं. भव्य, दिव्य बेत! नंतर कळलं की इथं ग्रँड म्हणजे नुसतं बरं. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, गुडघेदुखीही ग्रँड. म्हणजे मी सुखावले होते ते उगाच.

शनिवारी मुलीनं आम्हाला गाडीतून ब्लँचर्डस्टाउनच्या शॉपिंग सेंटरपाशी सोडलं. भुरभुर चालू होती. बसथांब्यावरचे एक आजोबा आभाळाकडे बघत प्रेमानं म्हणाले, "सॉफ्ट डे." (अशा भुरभुरीच्या दिवसाला इथं मऊ दिवस म्हणतात.) बस आली. मी चढून ठणकावून सांगितलं, "नास!"

चालकानं मान पुढं काढली. "कुठं, लव्ह?"

"नास. एन, ए, ए, एस."

"आह, नेस!" तो खुलला. "बसा, बसा."

"नासलं नव्हे, नेसलं," मी ह्यांच्या कानात म्हटलं. "साडी नेस, तसलं नेस." ह्यांच्या मिशीचा एक कोपरा हलला. तेवढ्यावरही मी खूष झाले.

बस आरामात निघाली. लेक्स्लिपला जावई जिथं चिप बनवण्याच्या कारखान्यात काम करतात तो कारखाना लागला. केवढा पसारा! तिथल्या कॅन्टीनमध्ये पुण्या-नागपूरचं मराठी ऐकू येतं म्हणे. पुढं मेनूथ, मग क्लेन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवी कुंपणं, पलीकडं मेंढ्या, आणि मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या-लाल रंगाचे ठिपके, रंगपंचमी खेळून आल्यासारखे. मी हे सगळं ह्यांना सांगत होते. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. हूं नाही की चूं नाही. सॅलिन्स गावात बस एका पुलावरून गेली. खाली कालवा होता आणि पाटीवर लिहिलं होतं ग्रँड कॅनॉल. ईराच्या शब्दकोशानुसार, बरा कालवा. हेही सांगितलं. काही नाही.

नेसच्या मोठ्या रस्त्यावर एका छोट्या हॉटेलात आम्ही भाज्यांचं सूप आणि ब्राउन ब्रेड (भरड पिठाचा, किंचित गोडसर पाव) घेतला. पाव फार छान, जाड लोणी लावलेला. सूप मात्र आळणी. मी पर्समधून भडंगाची पिशवी काढली आणि टेबलाखाली ह्यांच्या मुठीत थोडं थोडं सारलं. वाढणाऱ्या मुलीनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिचं भलं होवो.

फिल्म क्लब म्हणजे गावचा साधा हॉल. घडीच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं, दारापाशी एक सत्तरीची गोरीपान बाई. नाव नोरा. "यू आर व्हेरी वेलकम," ती म्हणाली आणि आमच्या ओल्या छत्र्या जणू तिच्याच पाहुण्यांच्या असल्यासारख्या उचलून घेऊन गेली. आम्हाला तिनं आपल्या मागच्या रांगेत बसवलं.

समीक्षक बाई ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, राखाडी किमोनो घातलेल्या. नाव साचिको. त्यांचं इंग्रजी हळू आणि स्वच्छ होतं. त्यांनी सांगितलं, एके काळी जपानात बेन्शी हा नटापेक्षा मोठा असे. लोक चित्रपटाचं नाव विचारतच नसत, आज सांगतोय कोण, असं विचारत. मग तरुण समीक्षकांची एक पिढी आली. परदेशी चित्रपट पुन्हा पुन्हा बघून आपल्या लहान लहान मासिकांतून ती मुलं भांडायला लागली. हे तर नाटकाचं छायाचित्र झालं, यात चित्रपट कुठाय? कॅमेरा माणसाच्या जवळ न्या. बायकांची कामं पुरुष का करतात, ती बायकांना द्या. आधी नीट पटकथा लिहा. आणि त्या बडबड्याला गप्प करा, चित्र आपलं आपण बोलेल! नुसतं लिहून ती मुलं थांबली नाहीत, काही जण स्टुडिओत जाऊन स्वतः पटकथा लिहू लागले. पुढं ज्या जुन्या जपानी चित्रपटांपुढे जगानं हात जोडले, रिकामी खोली दाखवत बसायची ज्यांची हिंमत झाली, त्यांना ती वाट या भांडखोर पोरांनी करून दिली होती.

मी मान डोलवत होते. पुरुषांनी शालू नेसून स्त्री-भूमिका करण्याचा काळ आपणही पाहिलाय की. आणि चित्र आपलं आपण बोलेल, हे तर माझं ब्रीदवाक्य. सोसायटीत कुणी सिनेमा चालू असताना तोंड उघडलं की माझ्या एका "शूऽऽ"नं त्याचा खोकलासुद्धा थांबायचा.

"समीक्षक जिंकले," साचिको बाई म्हणाल्या. "जिंकायलाच हवे होते. मीही त्यांच्याच जातीची आहे. पण पुढं ज्यांनी ते मोठे चित्रपट केले, ती मुलं लहानपणी या बोलणाऱ्यांच्या पायाशी बसूनच सिनेमा बघायला शिकली होती. म्हणून दिवसा मी समीक्षा लिहिते आणि अधूनमधून इथं येऊन उभी राहते. माझे मित्र हसतात."

दिवे गेले. कथा अगदी साधी. एका नदीवर एक नावाडी, त्याची मुकी बायको, आणि नदीवर बांधला जाणारा पूल. पूल झाला की नाव संपली. बायकोला पुलाचं अप्रूप, नवऱ्याला तिटकारा. साचिको बाई नावाडी व्हायच्या, गावकरी व्हायच्या, नदीसुद्धा व्हायच्या. अधूनमधून दोन लाकडी ठोकळे टाळीसारखे वाजवायच्या. काही जपानीत, काही इंग्रजीत. मी ह्यांच्या कानाशी लागून मराठीत सांगत होते, शक्य तितकं हळू. तरी समोर नोराचं डोकं दोनदा किंचित वळलं. मी आवाज आणखी खाली आणला. पूल पुरा झाला, बायको एकटीच चालत पलीकडं गेली आणि परत येईना, इथं मध्यंतर झालं.

नोरा लगेच वळली. "तुम्ही जपानी बोलता का?"

"नाही हो, मराठी. माझ्या नवऱ्याला दिसत नाही. मी त्यांना चित्रपट सांगतेय."

नोराचे डोळे मोठे झाले. तिनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "गो अवे!"

माझे कानच गरम झाले. मी म्हटलं, "सॉरी." ती तोवर शेजारच्या गृहस्थांकडे वळली होती. "ऐकलंत का? ही त्यांना सगळा सिनेमा सांगतेय!" आणि तो भला माणूसही माझ्याकडे बघून म्हणाला, "गो अवे!"

एकानं म्हटलं असतं तर गिळलं असतं. दोघांनी? मी पर्स उचलली, ह्यांचा दंड धरला आणि चहाच्या रांगेतून वाट काढत सरळ बाहेर पडले.

पदपथावर भुरभुर चालूच होती. छत्र्या आत राहिल्या. "म्हटलं नव्हतं मी?" हे शांतपणे म्हणाले. ह्यांचा आवाज चिडलेला असता तर बरं झालं असतं. तो नुसता दमलेला होता. माझं नाक भरून आलं. एवढं वेलकम वेलकम करून ही बाई आम्हाला हाकलते? कोल्हापूर काय नि नेस काय, पळसाला पाने तीनच!

"कोण तरी पळत येतंय," हे म्हणाले. डोळे गेल्यापासून ह्यांचे कान तिखट झालेत.

नोराच होती. एका हातात चहाचा कप, एका हातात केकसारख्या गोड पावाचा तुकडा, धापा टाकत. "चहा न घेताच निघालात? काही चुकलं का आमचं?"

"तुम्हीच म्हणालात ना, जा म्हणून," मी म्हटलं. "दोघांनीही."

ती बघतच राहिली. मग तिला असं काही हसू फुटलं की कपातला चहा निम्मा सांडला. तिनं भिंतीला पाठ टेकली. "अगं माझ्या राणी! ते जाण्याचं गो अवे नव्हे! ते... कसं सांगू... म्हणजे, काय सांगता! खरं की काय! पुढं बोला!" आणि मग तिचं हसू अचानक गेलं. "देवा रे. तुम्हाला वाटलं आम्ही तुम्हाला हाकलतोय. ह्यांच्यासाठी सांगताय म्हणून." तिचे डोळे भरले. माझे आधीच भरलेले होते.

मी ह्यांना मराठीत सांगितलं. हे म्हणाले, "म्हंजे हुंकारच की तो! आपण न्हाई का म्हणत, चल, कायतरीच! म्हणून कोण उठून चालाय लागतंय व्हय? तू तर चालायच लागलीस!" आणि हे हसले, मोठ्यानं, रस्त्यात. किती महिन्यांनी ऐकलं ते हसू. मला नोराच्या पाया पडावंसं वाटलं, पण तिच्या हातात गरम चहा होता.

आत गेलो तर साचिको बाई आमचीच वाट बघत होत्या. हुंकाराची गोष्ट ऐकून त्यांनी टाळीच वाजवली. "आमच्याकडे याला आइझुची म्हणतात! ऐकणारा सारखा हाय, हाय, म्हणजे हो, हो, म्हणत राहतो. नाही म्हटलं तर बोलणारा घाबरतो. त्या शब्दात हातोडा आहे. लोहाराचा. एक हा मारतो, एक समोरचा मारतो."

मी ह्यांना सांगायच्या आत ह्यांना हातोडा कळला. "हातोडी आणि घण!" हे म्हणाले आणि दोन्ही मुठींनी हवेत ठोका दाखवला, आधी हलका, मग जड. साचिको बाईंनीही मुठी वळल्या. दोघांनी मधल्या हवेत एक न दिसणारं लोखंड ठोकलं, अगदी तालात. नोरानं त्या नादात माझ्या पिशवीतलं भडंग तोंडात टाकलं आणि तिखट लागून सगळ्या संतांची नावं घेतली.

मग साचिको बाईंनी आमच्या खुर्च्या पुढं, आपल्या टेबलाजवळ लावायला सांगितल्या. "तुम्ही कुजबुजू नका. बोला. मी जागा ठेवीन."

"अहो, पण लोकांना त्रास..."

नोरानं हॉलभर आवाज दिला, "कुणाची हरकत?" मागून एक आजोबा म्हणाले, "छे हो, गो ऑन." ते गो ऑन मात्र मला एका झटक्यात समजलं.

उत्तरार्ध आम्ही दोघींनी सांगितला म्हटलं तर चालेल. त्या दोन वाक्यं बोलून थांबायच्या, ठोकळा हलकेच टेकवायच्या, आणि मी मराठीत ह्यांना सांगायची. त्या थांबण्यात कुठं घाई नव्हती, उपकार नव्हता. माझं संपलं की त्या पुढचं वाक्य उचलायच्या. तरी हे गप्पच होते. हात मांडीवर, मान खाली. मी सांगतेय खरं, पण पोचतंय का, हे मला शेवटपर्यंत कळेना.

शेवटचा प्रसंग आला. नावाडी पुलाच्या तोंडाशी उभा. साचिको बाईंनी दोन्ही ठोकळे टेबलावर ठेवले, हात बाजूला घेतले आणि गप्प झाल्या. मी ओळखलं. इथं त्यांच्यातली समीक्षक जिंकली होती. आता चित्र आपलं आपण बोलणार. आणि काय बोलत होतं ते! हॉलमध्ये कप वाजला नाही. मीही सांगायची थांबले. बघतच राहिले.

आणि त्या शांततेत, खणखणीत आवाजात, ह्यांनी विचारलं, "मग?"

मी साचिको बाईंकडे पाहिलं. त्यांनी कमरेतून वाकून मला नमस्कार केला, पुढं व्हा, असा. मागून नोराचा आवाज आला, अगदी हळू, "गो ऑन, लव्ह."

"अहो, चढला तो पुलावर," मी म्हटलं. कुजबुजले नाही. "अनवाणी आहे. भुईवर भरवसा नसल्यासारखा चालतोय."

"हूं."

"खांद्यावर वल्हं घेतलंय. पूल ओलांडायला वल्हं, बघा!"

"हूं. मग?"

"मधोमध थांबला. कठड्यावरून वाकून बघतोय. खाली त्याची नाव, बांधलेली, रिकामी. पलीकडच्या टोकाला बायको उभी आहे. ती हात करत नाही, पुढंही येत नाही. नुसती उभी."

"वाट बघतीया," हे म्हणाले.

"हो. आणि आता हा चालायला लागला. पाठमोरा आहे, लहान होत चाललाय. वल्हं तेवढं दिसतंय."

"हूं."

"संपला."

नेसच्या त्या हॉलमध्ये माझं मराठी कळणारं एकच माणूस होतं, आणि तरी सगळे माझं संपेपर्यंत थांबले होते. मग टाळ्या पडल्या. नोरा पुढं झुकली. "काय म्हणतात ते? आवडला का?"

मी ह्यांना विचारलं. ह्यांनी बाहीनं डोळे पुसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बरा होता."

"ही सेज इट वॉज ग्रँड," मी म्हटलं. इतकं बिनचूक भाषांतर माझ्या हातून पुन्हा होणे नाही.

बसपर्यंत सोडायला नोरा आणि साचिको बाई दोघी आल्या. छत्र्या नोरानं वाळवून, घडी करून आणल्या होत्या. आम्ही एकमेकींना काही वचनं दिली नाहीत. साचिको बाईंना मी म्हटलं, तुमच्या त्या भांडखोर समीक्षकांनी मला सिनेमा बघायला शिकवलं, त्यांची मी आयुष्यभराची ऋणी आहे. पण आज माझं माणूस मला परत मिळालं ते त्यांनी घरी बसवलेल्या त्या बोलणाऱ्यांमुळे, त्यांचेही आभार मानायचे आहेत. त्या म्हणाल्या, "हाय. हाय. हाय." प्रत्येक हायला मान लवत होती. मला आता ठाऊक होतं की त्या हो म्हणत नाहीयेत, माझं ऐकताहेत.

परतीच्या बसमध्ये मी दमून गप्प बसले होते. आभार मानावेत अशी माणसं मनात इतकी दाटली होती की कुणापासून सुरुवात करावी कळेना. दोन परक्या बायका, एक मागच्या रांगेतले आजोबा, सूप वाढणारी मुलगी, बसचा चालक. घरात जे मला इतक्या महिन्यांत जमलं नाही ते या गावानं एका मऊ दुपारी करून दिलं, आणि वर आमच्याच छत्र्या वाळवून दिल्या.

सॅलिन्सला बस पुलावर चढली. इंजिनाचा आवाज बदलला तसा ह्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"गप्प का? काय आलंय?"

"कालवा. तो मघाचा, बरा कालवा."

"पाणी हाय?"

"भरपूर आहे. काठाला एक नाव बांधलीय, हिरव्या रंगाची. कुणी नाहीये तिच्यात."

"हूं," हे म्हणाले आणि खिडकी सोडून माझ्याकडे वळले. "मग?"